बाईचे जोडशब्द

सहावीच्या इंग्रजीत जोडशब्दांचा एक धडा असतो. सव्वीस वर्षं मी तो शिकवला. फळ्यावर दोन उभ्या रेघा मारायच्या आणि तीन रकाने करायचे. पहिल्यात एकमेकांना चिकटून एकच झालेले शब्द, टूथब्रश, फुटबॉल, नोटबुक. दुसऱ्यात मध्ये आडवी रेघ लागणारे, मदर-इन-लॉ वगैरे. तिसऱ्यात सुटे लिहायचे पण दोन मिळून एकाच वस्तूचं नाव असलेले, आइस क्रीम, बस स्टॉप, हेअर ऑइल. तयारी लागत नाही, खडू कमी झिजतो आणि पोरं खूश असतात, कारण प्रत्येकाला एखादा तरी शब्द सुचतोच. आळशी मास्तराला याहून सोयीचा धडा मिळायचा नाही, आणि मी आळशी आहे हे माझी बायको कुणालाही आनंदानं सांगेल. यंदा मात्र तो धडा मी शेजारच्या वर्गावरच्या सरांना घ्यायला लावला. घसा बसलाय, असं त्यांना सांगितलं.

घसा ठणठणीत होता. गोष्ट माझ्या बहिणीची आहे.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शहराबाहेरच्या वाडी गावात, अमरावती रोडवरच्या एका गोदामात ती बारा वर्षं कामाला होती. ट्रकमधून खोके उतरले की त्यांवरची नावं बघायची, कोणता खोका कोणत्या रांगेत जाईल ते चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं, असं तिचं काम. शाळेत गिरवलेल्या एबीसीडीपलीकडे इंग्रजी तिला येत नव्हतं, पण खोक्यावरचं नाव ती माणसाचा चेहरा ओळखावा तसं ओळखायची आणि चिठ्ठीवर मराठीत लिहायची. गोदामाच्या मागच्या गल्लीत तिची भाड्याची खोली होती. एक पलंग, एक कूलर, गॅसची शेगडी, आणि दार उघडलं की ट्रकचा धूर. तिथे ती सुखी होती असं म्हटलं तर लोक हसतील. पण होती. खोलीची किल्ली ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची.

त्या किल्लीचं कारण काटोलात होतं. नवरा गेल्यावर सहा वर्षं ती काटोलला दिराच्या घरी राहिली. तिथे कुणी तिला मारलं नाही, उपाशीही ठेवलं नाही. त्या घरात जे काही करायचं असेल ते तिनं करायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायचं, एवढंच. पाहुणे आले की दीर तिची ओळखही करून द्यायचा नाही. एक दिवस ती कपड्यांची पिशवी घेऊन एसटीत बसली आणि वाडीला उतरली. माझ्या घरी का आली नाही, हे कुणी विचारत नाही, पण मी सांगून टाकतो. माझ्या घरात दोन खोल्या आहेत, आणि माझ्या बायकोचं नि बाईचं एका दिवसाच्या वर पटत नाही. शिवाय मी तिला ये म्हटलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात गोदाम नव्या मालकानं घेतलं. चिठ्ठ्या बंद होणार होत्या, सगळं कम्प्युटरवर जाणार होतं. जुन्या लोकांसाठी एक चाचणी ठेवली. समोर चाळीस खोके, वीस मिनिटं. खोक्यावरचं मालाचं नाव वाचायचं आणि कम्प्युटरवर इंग्रजीत टाइप करायचं. जमेल तो राहील, न जमेल त्यानं दुसरीकडे बघावं.

त्या रविवारी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. खुर्चीच्या कडेवर बसली, पाणी पिऊन पेला स्वतःच धुऊन ठेवला आणि म्हणाली, "बाबू, मले इंग्रजी शिकव."

"आता? या वयात? कायले वं बाई?"

तिनं चाचणीचं सांगितलं. मग म्हणाली, "नापास झाली तं खोली सोडा लागते. खोली सोडली तं काटोल. मी तिथं आता जात नाही, बाबू. मेली तरी जात नाही."

हे ती शांतपणे म्हणाली. मी तिला सांगायला हवं होतं, की कुठे जायची गरज नाही, इथे राहा. आतून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा येत होता. मी म्हणालो, "शिकवतो. चार रविवार हायेत ना? भरपूर झाले."

आता चाळीस खोक्यांसाठी काय शिकवायचं? मी विचार केला आणि मला तो विचार फार हुशारीचा वाटला. गोदामातला माल म्हणजे सगळे जोडशब्दच. टूथपेस्ट, हेअर ऑइल, डिश वॉश, सनस्क्रीन, डिटर्जंट पावडर. माझा तो आवडता धडा इथे बरोब्बर बसत होता. दुसऱ्या रविवारी मी मुलीचा जुना कीबोर्ड आणि लॅपटॉप तिच्याकडे ठेवायला घेऊन वाडीला गेलो. वहीवर तीन रकाने पाडले आणि सहावीच्या पोरांना सांगतो तसं सगळं सांगितलं.

बाईनं ऐकून घेतलं. वही जवळ ओढून तिन्ही रकान्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"हे तं सांधणी आहे," ती म्हणाली.

हे समजायला आमच्या घरातला माग माहीत पाहिजे. आम्ही कोष्टी. आता आमच्यातलं कुणी विणत नाही, पण माझ्या लहानपणी समोरच्या खोलीत वडिलांचा हातमाग होता आणि आम्ही उरलेल्या जागेत राहायचो. एका लुगड्याचा ताणा संपत आला की नव्या ताण्याचे उभे धागे जुन्याच्या टोकांना एकेक करून जोडावे लागतात. हजारो धागे. हे काम बायकांचं. बोटाला राख लावायची, दोन टोकं जुळवायची आणि अंगठ्यानं असा पीळ द्यायचा की जोड कुठे आहे हे हाताला लागू नये, आणि मागाच्या फणीच्या बारीक घरांतून जाताना तो अडकू नये. आईचे डोळे अधू झाले तेव्हा बाईला सातवीतून काढलं आणि सांधणीला बसवलं. मी तेव्हा तिसरीत होतो. धागे हातात द्यायचं काम माझं होतं, पण माझा अभ्यास असला की तेही तीच करायची. माझा अभ्यास रोजच असायचा.

तिनं पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे पाह्य. हे पीळ देऊन एक झालेले. फणीतून सरकन जातेत." मग दुसऱ्यावर. "धागा मधातच तुटला आन टोकं पुरली नाहीत, तं मधात दुसरा तुकडा घालून दोन्हीकडून गाठ मारतो आपण. ते तुयी आडवी रेघ." मग तिसऱ्यावर. "आन हे काठातले. काठात दोन धागे फणीच्या एकाच घरातून जातेत. जोडले नसतेत, पण चालतेत संगंसंगं."

सव्वीस वर्षांत हा धडा एवढ्या चांगल्या तऱ्हेनं मला कुणी समजावला नव्हता. मीही कुणाला समजावला नव्हता. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. मास्तर मी होतो.

"पण कोनता शब्द कोन्या घरात जाईन, हे कसं ओयखाचं?" तिनं विचारलं.

इथे इंग्रजीची गोची आहे. नियम असा नाही. जुने, रोजच्या वापरातले शब्द बहुतेक चिकटून जातात, नवे सुटे राहतात, काही मधल्या मधे रेघेवर लटकतात. सुरुवातीला दोन असतात, वापरून वापरून जवळ येतात, मग रेघ येते, मग रेघही जाते. मी तिला हे सांगितलं.

"आन उलटं? एक झालेले सुटे होतेत का?"

"तसं फारसं होत नाही."

"भाषेत होत नसंल," ती म्हणाली आणि वही लिहायला घेतली.

तिची बोटं. ती सांगितलीच पाहिजेत. छप्पन्न वर्षांची बाई, कधी कीबोर्डला हात लावला नव्हता, पण आठवड्याभरात तिची बोटं अशी धावायला लागली की माझ्या शाळेतला क्लार्क लाजेल. अक्षर कुठे आहे हे एकदा कळलं की तिला बघावं लागायचं नाही. हजारो धागे न बघता पिळलेली बोटं होती ती. तिसऱ्या रविवारी तिनं पंचवीस शब्द तीन मिनिटांत टाइप केले. त्यातले सहा चुकले होते. टूथब्रश तोडून लिहिला होता, हेअर ऑइल चिकटवून.

मी लाल पेन काढलं. सवय वाईट असते. सहाही शब्दांभोवती गोल केले आणि म्हणालो, "बाई, घाई करू नको. वेग काय कामाचा? एकही चुकता कामा नये. आधी बराबर, मंग भरभर."

हे मी म्हणालो. शब्द न शब्द आठवतो.

तिनं मान हलवली. गोल केलेले सहा शब्द तिनं रात्री प्रत्येकी एक पान लिहून काढले, हे मला पुढच्या रविवारी कळलं. त्या रविवारी तिनं पंचवीसपैकी पंचवीस बरोबर लिहिले. वेळ लागला, पण एकही चूक नव्हती. मी वहीवर 'उत्तम' लिहून सही केली. ती लहान मुलीसारखी त्या सहीकडे बघत राहिली. तिच्या वहीवर याआधी शेवटची सही सातवीत झाली असणार. शेजारणीला बोलावून तिनं ती दाखवली. मग मला म्हणाली, "आता मी राहतो पाह्य इथंच."

चाचणीच्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि गोदामासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. ऊन रणरणत होतं. एकामागून एक ट्रक आत जात होते. बायका-पुरुष एकेक करून बाहेर येत होते, काही हसत, काही मोबाइलवर बोलत. बाई सगळ्यात शेवटी आली. पदरानं तोंड पुसून माझ्या शेजारी बाकावर बसली.

"कसं झालं?"

"अकरा झाले."

मला वाटलं अकरा चुकले. "मंग एकोनतीस बराबर ना? चांगलं आहे की!"

"नाही. अकराच लिहिले. पन अकराही बराबर हायेत, बाबू. तू कधीही पाहून घे."

बारावा खोका हँडवॉशचा होता. तो खोका तिनं बारा वर्षं हाताळला होता. पण त्या दिवशी, मी शिकवल्याप्रमाणे नीट बघितल्यावर, तिला दिसलं की समोरच्या बाजूला ते नाव चिकटून छापलंय आणि बाजूच्या लेबलावर सुटं. मी शिकवलं नसतं तर तिला ते दिसलंही नसतं. दिसलं आणि ती थांबली. कोणतं खरं? एकदा चिकटवून लिहिलं, पुसलं. सुटं लिहिलं, पुसलं. दुसरे खोके समोर होते, त्यातले कितीतरी तिला पाठ होते, आणि वेळ त्या एकाच खोक्यावर संपली.

"पन तू पुढं काहून नाही गेली वं?" मी जवळजवळ ओरडलोच. टपरीवाला बघायला लागला.

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं. "तुटला धागा तसाच ठेवून पुढं कसं जाचं?"

आमच्या घरात ते खरंच कुणी करत नव्हतं. विणताना ताण्यातला एक धागा तुटला की वडील माग थांबवायचे. मग जेवण वाट बघो की इतवारी बाजारातला व्यापारी दारात उभा राहो. तो धागा शोधायचा, जोडायचा, मगच हात पुढे. न जोडता विणत गेलं तर त्या जागी लुगड्याच्या टोकापर्यंत उभी फट राहते आणि व्यापारी लुगडं उजेडाकडे धरून ती बोटानं दाखवतो. त्या घरात मीही वाढलो. पण मला शाळेनं दुसरं शिकवलं होतं. ज्याचं उत्तर येत नाही तो प्रश्न सोडा, येणारे आधी लिहा, वेळ उरला तर मागे या. प्रत्येक परीक्षेआधी मी हे पोरांना सांगतो. इतक्या वेळा सांगतो, की ते शिकवावं लागतं हेच मी विसरलो होतो.

"तिथली पोरगी म्हणे, आंटी, छोड़ो ना, आगे बढ़ो," बाई म्हणाली. "दोनदा म्हणे. मले वाटलं मजाक करून राहिली. तू तं म्हटलं होतं एकही चुकता कामा नये."

मी तिला बाकावर बसवून आत गेलो. चाचणी घेणारी ती पोरगी पंचविशीतली असेल, गळ्यात ओळखपत्र, बोलायला भली. मी माझी ओळख शाळेचा शिक्षक म्हणून करून दिली, जरा रुबाबातच. म्हणालो, जुनी कामगार आहे, एक संधी द्या, लिहिलेल्यात एकही चूक नाही, जोडशब्दसुद्धा बरोबर आहेत.

तिला मी काय म्हणतोय ते कळेना. मग कळलं तेव्हा ती हसली, चेष्टेनं नाही. "सर, काम में तो स्पेलिंग सिस्टम खुद ठीक कर लेता है, टेस्ट में बस बंद रखा था. दो-चार अक्षर डालो, पूरा नाम आ जाता है. हमें तो सिर्फ स्पीड देखना था. आंटी का हाथ तो बहुत तेज है, शुरू में मैंने देखा. फिर पता नहीं क्यों रुक गईं."

यादी वर गेली होती. तिच्या हातात काही नव्हतं. मी थँक्यू म्हणालो आणि बाहेर आलो.

बाईनं विचारलं, "काय म्हणे?"

"यादी वर गेली म्हणे," मी म्हणालो. बाकीचं सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही. ती पहिल्या रविवारी माझ्या दारात आली तेव्हा मी एकदा तरी गोदामात जाऊन विचारायला हवं होतं, की बाबांनो, तुम्ही बघणार काय आहात? मला ते सुचलं नाही. इंग्रजीची परीक्षा म्हणजे इंग्रजीच बघणार, आणि इंग्रजी म्हणजे मी. जे मला येत होतं तेच मी तिला दिलं. तिच्याकडे जे होतं, ती बोटं, त्यांना मी लाल पेनानं गोल करून थांबवलं.

महिनाभर तिनं दुसरीकडे काम शोधलं. वाडीत गोदामं पुष्कळ आहेत, पण वय ऐकलं की मान हलायची. त्या महिन्यात मी दोनदा बायकोजवळ विषय काढला आणि दोनदा तो अर्ध्यात सोडला. जून लागला तेव्हा दीर स्वतः येऊन तिला घेऊन गेला. पलंग घरमालकानं ठेवून घेतला. कूलर ती माझ्याकडे देऊन गेली, तुमच्याकडे लागते म्हणून. तो आमच्या समोरच्या खोलीत आहे आणि चांगला चालतो.

मी काटोलला जायला दिवाळी उजाडली. घरात सगळे मजेत होते. मला समोरच्या खोलीत बसवून चहा दिला, संत्री दिली. बाई मागच्या अंगणात असते, कुणीतरी म्हणालं. मी मागे गेलो. ती संत्र्यांच्या ढिगापाशी बसून लहान-मोठी निवडत होती. बोटं तशीच चालत होती, बघावं लागत नव्हतं. गळ्यात काळा दोरा होता. त्यात किल्ली नव्हती.

इकडचं तिकडचं बोललो. मुलीचं शिक्षण, माझा रक्तदाब. ती हसत होती, मला संत्रं सोलून देत होती. मला वाटलं, चला, रुळली असेल. माणसाला सोयीचं वाटायला फार वेळ लागत नाही.

मग तिनं संत्र्यावरून नजर न उचलता विचारलं, "बाबू, ते पोरगी म्हणत होती ना, सोडा आन पुढं जा. शाळेत सांगतेत का तसं लेकराईले?"

"सांगतो ना."

"कवा सांगतेत?"

"परीक्षेच्या आधी. दर वेळी."

"सगळ्याईले?"

"सगळ्याईले."

तिचे हात थांबले. तिचे हात थांबलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

"मंग मले काहून नाही सांगितलं गा?"

मी म्हणालो, "मले वाटलं तुले माहीत असंल."

"मले कोन सांगनार होतं, बाबू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आतून तिला हाक आली, तशी ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि निवडलेली टोपली उचलून गेली.